चावी फिरते, ठिणगी मात्र पडत नाही

जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर रस्त्यात बंद पडली की आपल्याकडे खानदेशात पहिला निकाल ठरलेला : ‘भाऊ, बॅटरी उतरी गयी.’ मग बॅटरी बदलते, प्लग बदलतात, कार्बोरेटर खोलला जातो, पॉइंटला पॉलिश पेपर मारला जातो. चावीच्या स्विचवर कुणाचाच संशय जात नाही, कारण चावी तर फिरते! पण चावी फिरवते ते फक्त कुलूप. वीज जोडण्याचं काम कुलपामागे लपलेले धातूचे संपर्क करतात. कुलूप पन्नास वर्षं सहज टिकतं, संपर्क टिकतीलच असं नाही.

जळगावात एका मित्राच्या पद्मिनीचा जुना स्विच आम्ही खोलून पाहिला. बॅकेलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकची, चकती कडेने करपून तपकिरी झालेली, पितळी पट्टी काळी. भिंगाखाली धरल्यावर खरी गंमत दिसली. एका संपर्कावर बारीकसा खड्डा आणि त्याच्या बरोबर समोर दुसऱ्यावर उंचवटा. या स्विचचा सगळा इतिहास त्या खड्ड्यात होता.

धातूचे दोन सपाट दिसणारे तुकडे एकमेकांवर दाबले, तरी ते पूर्ण टेकत नाहीत. सूक्ष्म पातळीवर दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि मोजक्या टोकांवरच एकमेकांना भेटतात. सगळा प्रवाह त्या टोकांतून जातो. रावेर-सावद्याचे केळीचे ट्रक एखाद्या अरुंद पुलाशी आले की जशी दाटी होते, तशी दाटी इथे इलेक्ट्रॉनांची होते. दाटी म्हणजे रोध, आणि रोध म्हणजे उष्णता.

राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विद्युत संपर्कांच्या अभ्यासात हयात घालवली. या शास्त्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी : संपर्कबिंदू किती तापेल, हे संपर्काच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्टची घट होते त्यावरून कळतं, संपर्काचा आकार किती, याने फरक पडत नाही. धातूत वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः इलेक्ट्रॉनच वाहून नेतात, त्यामुळे जिथून वीज आत येते त्याच वाटेने उष्णता बाहेर पडते. वाट अरुंद झाली की दोन्हींची अडचण सारख्याच प्रमाणात वाढते. तांब्याच्या संपर्कात सुमारे ०.१२ व्होल्ट घट झाली की तो बिंदू मऊ पडतो. ०.४३ व्होल्टच्या आसपास तो चक्क वितळतो. बाहेरून स्विच जेमतेम कोमट लागत असतो!

आता खड्ड्याकडे येऊ. संपर्क सुटताना हवेत ठिणगीची कमान पेटते. तांब्यासाठी ती टिकून राहायला साधारण १३ व्होल्ट आणि ०.४ अँपिअर लागतात. थांबलेल्या गाडीची बॅटरी असते १२.६ व्होल्टची, म्हणजे उंबरठ्याच्या जरा अलीकडे. इंजिन चालू असताना मात्र चार्जिंगमुळे व्होल्टेज १४ पर्यंत चढलेलं असतं. त्यात इग्निशन कॉइलमधून, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या गुंडाळीतून, ३-४ अँपिअर वाहत असतात, आणि तो प्रवाह अचानक तोडला की कॉइल स्वतःच जोराचा उलट झटका देते. म्हणून चावी बंद करण्याचा क्षण संपर्कांना सर्वांत जास्त भाजतो. गाडीतली वीज एकाच दिशेने वाहते, त्यामुळे धातूही दर वेळी एकीकडून निघून दुसरीकडे बसतो. इकडे खड्डा, तिकडे उंचवटा. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि तिथे कमान विझते. गाडीत ती सोय नाही. तेव्हा घरातलं दिव्याचं बटण डॅशबोर्डवर बसवण्याचा जुगाड कृपा करून करू नका.

भाजलेल्या धातूवर ऑक्साइड चढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते, स्प्रिंगचा ताण उतरतो, दाब कमी होतो आणि रोध आणखी वाढतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आपल्याकडे मे महिन्यात हात लावू देत नाही. तिथे हे चक्र आणखी वेगाने फिरतं.

परिणाम बघा. स्टार्टर फिरताना बॅटरी साधारण १० व्होल्टवर उतरते. स्विचने त्यातले २ खाल्ले, तर कॉइलला ८ मिळतात. प्रवाह ८० टक्के झाला, पण कॉइलमधली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे उरली ६४ टक्के. ठिणगीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जोर गेला. स्टार्टरचा मुख्य प्रवाह या स्विचमधून जात नाही, म्हणून इंजिन मात्र दणक्यात फिरतं आणि सगळे पेट्रोलला दोष देतात.

काही जण मग बंपरला लिंबू-मिरची बांधतात. लिंबातलं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड काढतं हे खरं, पण बंपरवरून ते स्विचपर्यंत पोचत नाही. ऑनलाइन मिळणारी ‘पॉवर वाढवणारी’ यंत्रंही संपर्कातला खड्डा भरत नाहीत. तो पैसा मल्टिमीटरवर खर्च करा.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. चावी चालू करा, स्विचमधून प्रवाह वाहू द्या आणि स्विचच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर दोन टोकं टेकवा. इथे दिसते ती स्विचमधल्या सगळ्या सांध्यांची मिळून घट, एका बिंदूची नव्हे, म्हणून ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर स्विच बदला. घासून फार दिवस जात नाहीत, कारण उतरलेली स्प्रिंग घासण्याने परत ताठ होत नाही.

स्विच बदलताना आधी बॅटरीची मायनस तार काढा. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा, फोटो काढा. जुन्या गाडीत तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, त्या कितीदा बदलल्या गेल्या असतील सांगता येत नाही. तारांची काळी पडलेली टोकं कापून नवीन लावा, नाहीतर नव्या स्विचलाही जुनाच रोध चिकटेल. शक्य असेल तर हेडलाइटसारखे मोठे भार रिलेवर, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचवर, घाला. रिलेच्या कॉइलला ०.१५ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, म्हणजे ०.४ च्या बराच खाली, आणि कमान टिकत नाही. रिलेच्या कॉइलवर एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) जोडा, त्याच्यावरच्या पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा झटका तिथेच जिरतो. सगळं जोडल्यावर तीच मोजणी पुन्हा करा आणि आलेला आकडा गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.