शेवट ठाऊक असतो, म्हणून काय झालं?

‘प्रेमकादंबरीचा शेवट ठरलेलाच, मग तिचं परीक्षण काय करायचं?’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. शेवट गोड असतो हे खरं. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने तो व्याख्येतच धरलाय. पण रहस्यकथेत खुनी सापडणार, हेही ठाऊक असतंच की! परीक्षण होतं ते वाटेचं. नाताळच्या सुट्टीतली कथा घ्या: बर्फाने रस्ता बंद, दोघं एकाच घरात, हाताशी जेमतेम चार दिवस. एवढ्यात प्रेम पटवायचं, तर जुनी ओळख किंवा जुनं भांडण आधीच पेरावं लागतं. नाही पेरलं, तर तिसऱ्या दिवशीचं ‘तुझ्याशिवाय जगणं अशक्य’ वाचून हसू येतं. आणि ताटातूट एका फोनने मिटणाऱ्या गैरसमजावर उभी असेल, तर मी सरळ गुण कापतो.