गोल्फ कार्टची लेड-ॲसिड बॅटरी

गोल्फच्या मैदानावर खेळाडू आणि त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहून नेणाऱ्या विजेवरील लहान गाडीचा ऊर्जासाठा. मराठी पाठ्यपुस्तकांत हिला शिसे-आम्ल विद्युत घटमाला म्हणतात, दुकानात नुसती बॅटरी. गाडीच्या आसनाखाली चार, सहा किंवा आठ बॅटऱ्या एकसर जोडून ३६ किंवा ४८ व्होल्टचा संच तयार करतात. अशा गाड्या अमेरिकेत १९५०च्या दशकात रुळल्या. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे १९५४ मध्ये सुरू झालेली ई-झी-गो ही त्यांच्या जुन्या उत्पादकांपैकी एक. आज त्या मैदानाबाहेरही भरपूर धावतात. जॉर्जियातल्याच पीचट्री सिटीत किंवा फ्लॉरिडातील ‘द व्हिलेजेस’ या निवृत्तांच्या वसाहतीत लोक किराणा आणायलाही कार्टच काढतात. महाराष्ट्रात गोल्फची हिरवळ पाहिलेले लोक थोडे. आपल्याला ही गाडी भेटते ती रिसॉर्टमध्ये, कंपन्यांच्या आवारात किंवा प्राणिसंग्रहालयात.

फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते याने १८५९ मध्ये शोधलेल्या घटाचे मूळ रसायन अजून तेच आहे. धन प्लेटवर लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे आणि दोन्ही बुडालेल्या पातळ गंधकाम्लात. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि आम्लातले गंधकाम्ल खर्च होऊन त्याचे पाणी होत जाते. चार्ज करताना हेच उलट घडते. आम्ल स्वतः या व्यवहारात भाग घेत असल्यामुळे त्याची घनता मोजली की बॅटरीत किती वीज उरली ते कळते. ही सोय लिथियमच्या बंद डब्यात नाही.

मोटारीची बॅटरी या कामाला चालत नाही. तिला काही सेकंद प्रचंड प्रवाह देऊन इंजिन फिरवायचे असते, म्हणून तिच्यात पातळ प्लेटा दाटीने बसवलेल्या असतात. ती वारंवार खोलवर उतरवली की प्लेटांवरचा लेप गळून तळाशी साचतो. कार्टच्या ‘डीप सायकल’ (वारंवार खोलवर उतरवता येणाऱ्या) बॅटरीत प्लेटा जाड, लेप घट्ट आणि जाळीच्या शिशात अँटिमनी मिसळलेले असते. अँटिमनीमुळे प्लेट टिकते, पण पाणीही जास्त उडते. देखभालीचा बराचसा व्याप या एका धातूपायी आहे.

निवड

व्होल्टेजची निवड गाडीच करते. मोटर आणि कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज कमीजास्त करणारा भाग) ३६ व्होल्टचे असतील तर सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. ४८ व्होल्टसाठी आठ व्होल्टच्या सहा, बारा व्होल्टच्या चार किंवा, जागा असेल तर, सहा व्होल्टच्या आठ. चार बॅटऱ्यांचा संच स्वस्त पडतो आणि हलका असतो, पण त्याची साठवणही कमी असते. लांबच्या फेऱ्या आणि चढ असतील तर सहा किंवा आठ नगांच्या संचाला तोड नाही. वजनाची तयारी मात्र ठेवावी: सहा किंवा आठ व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीचा एक नग २८–२९ किलोचा असतो, म्हणजे सहांचे मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास.

बॅटरीवर छापलेला अँपिअर-तासांचा, म्हणजे साठवणीचा, आकडा सरळ वाचू नये. तो बहुधा वीस तासांत सावकाश उतरवून काढलेला असतो. सहा व्होल्टची २२५ अँपिअर-तासांची सर्रास मिळणारी बॅटरी ७५ अँपिअरने उतरवली, तर सुमारे ११५ मिनिटे टिकते. म्हणजे हाती पडतात जेमतेम १४४ अँपिअर-तास. प्रवाह वाढला की साठा आटतो, हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना वीस तासांच्या आकड्याऐवजी पाच तासांचा आकडा किंवा ७५ अँपिअरला किती मिनिटे हे विचारावे. ते सांगू न शकणारा दुकानदार इन्व्हर्टरच्या हिशेबाने कार्टची बॅटरी विकतो आहे असे समजावे.

यानंतरचा प्रश्न खरा महत्त्वाचा, आणि तो बहुधा कोणी विचारत नाही: पाणी कोण घालणार? झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायची (फ्लडेड) बॅटरी सर्वांत स्वस्त आणि, नीट सांभाळली तर, दीर्घायुषी. एजीएम बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते, जेल बॅटरीत ते घट्ट केलेले. दोन्हींत पाणी घालायचे नसते, पण किंमत बरीच जास्त आणि जादा चार्जिंग अजिबात सोसत नाही, कारण उडालेले पाणी परत घालायची वाटच नसते. ज्या आवारात महिन्याला चालक बदलतो आणि देखभालीची वही कोणाच्याच नावावर नाही, तिथे स्वस्त फ्लडेड संच महाग पडतो. घरच्या गाडीला, मालक स्वतः झाकणे उघडणारा असेल तर, तोच संच सर्वांत शहाणा. संच प्रकारानुसार घेतला तरी चार्जरचे सेटिंग त्या प्रकाराला जुळते का हे पाहावे लागते.

सगळे नग एकाच वेळी, एकाच बनावटीचे आणि शक्यतो एकाच उत्पादन-महिन्याचे घ्यावेत. पाच जुन्यांत एक नवा बसवणे ही काटकसर वाटते, पण जुने नग लवकर उतरतात, चार्ज वेगळा घेतात आणि काही महिन्यांत नव्यालाही आपल्या पंक्तीला बसवतात.

चार्जिंग आणि पाणी

लेड-ॲसिड बॅटरीला ‘स्मृती’ नसते. ‘पूर्ण उतरवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये’ हा मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्यांवरून आलेला समज इथे घातक ठरतो. गाडी थोडी फिरली तरी रात्री चार्जिंगला लावावी आणि पूर्ण होऊ द्यावी. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक स्फटिकांत बदलते आणि मग ते विरघळत नाही. हेच सल्फेशन. रोज निम्म्यापर्यंत उतरवलेली बॅटरी रोज ऐंशी टक्के उतरवलेल्या बॅटरीपेक्षा बरीच जास्त चक्रे देते. चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या वीस-तासी आकड्याच्या दहा ते तेरा टक्के असावा. २२५ अँपिअर-तासांना २२ ते ३० अँपिअर.

चार्जिंगच्या शेवटी दर सेलचा (बॅटरीतल्या दोन व्होल्टच्या एका घटाचा) विद्युत दाब २.४ व्होल्टच्या पुढे गेला की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. आसन उचलले तर बुडबुड्यांची सळसळ ऐकू येते आणि नाकाला आंबूस झोंबते. उडते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून भरायचे तेही डिस्टिल्ड वॉटरच. नळाचे, बोअरचे किंवा ‘फिल्टरचे’ पाणी चालत नाही, आणि ‘जोर यावा’ म्हणून आम्ल तर कधीच घालू नये. पाणी चार्जिंगनंतर घालावे, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधी काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाऊन ट्रेमध्ये साचते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडतील एवढे आधी घालावे. एरवी झाकणाखालच्या नळीच्या तोंडापासून तीनेक मिलिमीटर खाली थांबावे.

ग्रॅव्हिटीची वही

४८ व्होल्टच्या संचात २४ सेल असतात. एकूण व्होल्टेज पाहून त्यांतला आजारी सेल सापडत नाही: स्थिर, पूर्ण भरलेला संच सुमारे ५०.९ व्होल्ट दाखवतो आणि निम्मा उतरलेला सुमारे ४८.४. अडीच व्होल्टांत अर्धी टाकी! त्यात एक सेल कच्चा असला तरी काटा जवळपास तिथेच राहतो. चढावर मात्र गाडी एकदम मलूल होते आणि सपाटीवर पुन्हा बरी वाटते. कारण तो सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले २३ सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात. शेवटी त्याची ध्रुवता उलटते.

हा सेल हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, सापडतो. काचेच्या नळीत आम्ल दोन-तीनदा ओढून सोडावे, तरंगता काटा भिंतीला चिकटलेला नाही हे पाहावे, डोळा पातळीला आणून वाचावे आणि आकडा वहीत लिहावा. भरलेल्या सेलमधल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता) अमेरिकी बनावटीत १.२७५ च्या आसपास असते. उष्ण हवेसाठी भारतात भरल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांत ते अनेकदा १.२४० ठेवतात, म्हणून परक्या तक्त्याशी जुळवून ‘बॅटरी कमजोर’ ठरवू नये. तापमानाचाही हिशेब असतो: संदर्भ तापमानापेक्षा दर ५ अंश सेल्सिअस जास्तीमागे साधारण ०.००३५ मिळवावे. मोजणी पाणी घातल्या-घातल्या करू नये, कारण नवे पाणी वरच तरंगत असते.

आकडा किती, यापेक्षा तो शेजाऱ्यांपासून किती दूर, हे महत्त्वाचे. समजा २३ सेल १.२६५ ते १.२७५ मध्ये आहेत आणि चौथ्या बॅटरीचा तिसरा सेल १.२१०. फरक ०.०३० च्या वर गेला की समकारी चार्ज द्यावा, म्हणजे भरलेल्या संचाला मुद्दाम जास्त दाबाने काही तास चार्ज करून आम्ल ढवळावे आणि मागे पडलेल्या सेलला वर आणावे. हे फक्त फ्लडेड बॅटरीला. एजीएमला आणि जेलला नव्हे. तरीही फरक ०.०५० च्या आसपास राहिला तर तो सेल गेला. मग वही उघडावी: त्याच बॅटरीवरून हॉर्न, दिवे किंवा पंख्यासाठी बारा व्होल्टची तार काढलेली आहे का? आपल्याकडे हा उद्योग फार चालतो. संचातल्या एक-दोन नगांवर जादा भार पडतो, चार्जर मात्र सगळ्यांना सारखाच प्रवाह देतो. जोडसामानासाठी पूर्ण संचावरून डीसी-डीसी कन्व्हर्टर (संचाचे व्होल्टेज बारावर उतरवणारे उपकरण) घ्यावा.

टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा खार पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये, कारण ते आम्ल मारते. नंतर लग (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) घट्ट करून व्हॅसलिन लावावे. ढिला लग चढावर तापतो आणि शिशाचा खांब वितळवू शकतो.

हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. चार्जिंगची जागा हवेशीर हवी, सेलमध्ये डोकावायला टॉर्च घ्यावा, पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि मनगटातले कडे-घड्याळ काढून ठेवावे. डोळ्यांना चष्मा हवाच. आम्लाचा थेंब सुती पँटवर पडलेला त्या दिवशी दिसत नाही. धुऊन आणल्यावर तिथे भोक असते.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर संच पूर्ण भरून ठेवावा आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करावा. उन्हाळ्यात बॅटरी आपोआप जास्त वेगाने उतरते. उष्णतेने आयुष्यही घटते: तापमान ८ ते १० अंशांनी वाढले की ते ढोबळमानाने निम्मे होते. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर उभी राहिलेली गाडी संध्याकाळी थंड झाल्यावर चार्जिंगला लावणे एवढे तरी करता येते.

संपलेल्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते आणि ते वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून भंगारात तिला भाव आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. वजन कमी करायला आम्ल गटारात ओतून नुसता डबा देणारे असतात. ते आम्ल शिशाचे कण घेऊन वाहते. बॅटरी आम्लासकट, झाकणे लावून आणि उभी ठेवूनच परत करावी.