असामान्य साथी प्राणी (टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील)

कल्पनारम्य टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात (टेबलाभोवती बसून, फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळात) पात्राबरोबर कायम राहणारा, त्याच्या आज्ञेत वागणारा, पण नियमपुस्तकाने दिलेल्या यादीत न बसणारा प्राणी. लांडगा, ससाणा, घोडा यांना बहुतेक नियमपुस्तकांत जागा असते. ग्रिफिनचे (गरुडाचे डोके-पंख, सिंहाचे धड) पिल्लू, आउलबेअर (घुबडाच्या डोक्याचे अस्वल), हरणाएवढा नाकतोडा किंवा सहा पायांची बर्फातली पाल यांना ती नसते, आणि खेळाडूला बहुधा यांच्यापैकीच एखादे हवे असते. परवानगी गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, द्यायची असते.

प्राणी दिसतो कसा आणि पटावर करतो काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाडूचा जीव बहुतेकदा पहिलीत गुंतलेला असतो. खेळ मात्र बिघडतो तो दुसरीमुळे. नुसत्या रूपावरून नकार देणारा गेम मास्टर खेळाडूचा उत्साह विनाकारण घालवतो. नुसत्या रूपावरून होकार देणाऱ्याला त्याची किंमत तीन-चार सत्रांनंतर कळते.

यादी कशासाठी असते

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ १९७४ साली आला. त्याच्या २००३ मधल्या ३.५ आवृत्तीत ड्रुइडला (निसर्गाचा पुजारी असलेल्या पात्राला) पहिल्या लेव्हलपासून (पात्राच्या वाढीच्या पायरीपासून) साथी प्राणी मिळतो: बिज्जू, उंट, कुत्रा, गरुड, घोडा, घुबड, विषारी साप, लांडगा वगैरे. त्यापुढच्या याद्या टप्प्याटप्प्याने खुल्या होतात. चौथ्या लेव्हलला बिबट्या आणि मगर, सातव्या लेव्हलला वाघ, सिंह आणि गेंडा, तेराव्या लेव्हलला हत्ती, सोळाव्या लेव्हलला टायरॅनोसॉरस.

भारी प्राणी घेतला की त्याची वाढ मोजताना ड्रुइडची लेव्हल कमी धरतात. वाघाच्या यादीसाठी ६ वजा होतात. म्हणून सातव्या लेव्हलच्या ड्रुइडचा वाघ पहिल्या लेव्हलच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे त्याला जादा हिट डाइस (जीवबळ ठरवणारे फासे) एकही मिळत नाही. त्याच ड्रुइडच्या लांडग्याला ४ मिळतात. यादी ही खरे तर किंमतपत्रिका आहे. यादीबाहेरचा प्राणी मागितला जातो तेव्हा गेम मास्टरचे काम त्या पत्रिकेत एक ओळ वाढवण्याचे असते, आणि ती ओळ कुठे बसवायची हे शेजारच्या प्राण्यांशी ताडून ठरते.

तीन नाती वेगळी ओळखावीत

मागणी ऐकली की आधी विचारावे: प्राणी लढायला हवा, हेरगिरीला हवा, बसायला हवा की नुसता सोबतीला? मांत्रिकाचा फॅमिलिअर, म्हणजे मंत्राने बोलावलेला मदतनीस, हा खरा प्राणीच नसतो. पाचव्या आवृत्तीत (२०१४) तो प्राण्याचे रूप घेतलेला आत्मा असतो. एका तासाच्या विधीने आणि १० सोन्याच्या नाण्यांच्या सामग्रीने तो येतो, हल्ला करू शकत नाही, आणि मेला तर पुन्हा बोलावता येतो. रेंजर (रानात वावरणारा योद्धा) किंवा ड्रुइडचा साथी लढतो आणि पात्राबरोबर वाढतो. विकत घेऊन शिकवलेला प्राणी लढू शकतो, पण वाढत नाही. खांद्यावर रंगीत सरडा बसलेला हवा एवढीच हौस असेल तर तिला नियमांची गरजच नसते. हो म्हणावे आणि पुढे जावे. त्या सरड्याच्या डोळ्यांतून शेजारच्या खोलीतले पाहायचे असेल तर तो फॅमिलिअर झाला, आणि त्याची किंमत मोजलीच पाहिजे.

काय तपासावे

पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांत बीस्ट मास्टर (पशूच्या साथीने लढणाऱ्या) रेंजरला तिसऱ्या लेव्हलला मध्यम किंवा त्याहून लहान आकाराचा, ¼ किंवा त्याहून कमी चॅलेंज रेटिंगचा (शत्रू म्हणून किती अवघड, त्या आकड्याचा) पशू मिळतो. ऐकायला हा निकष पुरेसा वाटतो, पण तो पुरत नाही. लांडगा आणि महाकाय विषारी साप या दोघांचे रेटिंग ¼ च आहे. लांडग्याच्या चाव्याचे सरासरी नुकसान ७. सापाच्या चाव्याचे ६, आणि त्यावर विषाचे सरासरी १०; समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा (सोसण्याच्या ताकदीचा) ११ चा सेव्हिंग थ्रो (फाशाने तेवढा आकडा गाठण्याची बचावाची चाचणी) जिंकला तरच विष निम्मे होते. ⅛ रेटिंगच्या उडत्या सापाच्या विषाला तर सेव्हिंग थ्रोच नाही. विषाचा परिणाम न होणारे शत्रू, विशेषतः मृतजीव आणि यंत्रपुतळे, वारंवार येणार असतील तर हा फरक बराचसा भरून निघतो. नाहीतर साप मागणाऱ्या खेळाडूबरोबर बसून विषाचा आकडा आधीच खाली आणावा.

सर्वांत जपून द्यावी अशी गोष्ट म्हणजे उड्डाण. टेरॅनोडॉन मध्यम आकाराचा, ¼ रेटिंगचा, एका खेपेत ६० फूट उडणारा पशू आहे. स्वारीचे जनावर स्वारापेक्षा किमान एका आकाराने मोठे असावे असा नियम असल्याने हाफलिंग किंवा नोम (दोन्ही लहान आकाराच्या जमाती) रेंजर त्याच्यावर बसू शकतो. वजनाचीही अडचण येत नाही, कारण स्ट्रेंग्थ (ताकद) १२ म्हणजे १८० पौंडांची क्षमता. उडण्याचा मंत्र मांत्रिकाला पाचव्या लेव्हलला मिळतो. हा रेंजर तिसऱ्या लेव्हललाच दिवसभर हवेत असतो. दऱ्या, तटबंद्या आणि खंदक निरुपयोगी ठरतात. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. त्या लेव्हलला टेरॅनोडॉनचे हिट पॉइंट (नुकसान सोसण्याचे गुण; शून्य झाले की तो पडतो) १३ असतात. ६० फुटांवर तो बाणाने पडला तर स्वाराला सहा फाशांचे, सरासरी २१ नुकसान होते, आणि तिसऱ्या लेव्हलच्या रेंजरकडे साधारण २८ हिट पॉइंट असतात. नकार द्यायचा नसेल तर ‘पाचव्या लेव्हलपर्यंत पिल्लू स्वाराला घेऊन उडू शकत नाही’ एवढी एक अट पुरते.

जमिनीखालून जाणे, अंधारात डोळ्यांविना हेरणे, हातांनी दार उघडणे आणि बोलणे याही मोलाच्या क्षमता आहेत. माकडासारख्या हात असलेल्या प्राण्याच्या हाती पहिल्याच सत्रात कुलपाच्या सळ्या किंवा औषधाची बाटली येते. मग तो साथी न राहता पार्टीतले (खेळाडूंच्या गटातले) जादा पात्र होतो.

आकाराचा परिणाम बहुतेक जण विसरतात. मोठ्या आकाराचा प्राणी नकाशावर १० फूट लांब आणि १० फूट रुंद जागा व्यापतो. ५ फुटी बोगद्यात तो अंग चोरून जातो, आणि २०१४ च्या नियमांत तेवढा वेळ त्याचे हल्ले व डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) सेव्हिंग थ्रो डिसअॅडव्हान्टेजवर (दोन फासे टाकून कमी आकडा धरून) होतात. दोरी, शिडी, नाव, सराईचा जिना, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न येतो. भुयारांतला खेळ असेल तर मोठा प्राणी अर्धा वेळ बाहेर बांधलेला राहतो. हे खेळाडूला परवानगी देतानाच स्पष्ट सांगावे.

रूप बदलणे, आकडे तेच

खेळाडूंमध्ये याला रीस्किन म्हणतात, आणि दहांतल्या आठ मागण्या यातच सुटाव्यात. हरणाएवढा नाकतोडा हवा आहे? लांडग्याचे आकडे घ्यावेत: आर्मर क्लास (त्याला फटका बसायला लागणारा आकडा) १३, हिट पॉइंट ११, चाल ४० फूट. चाव्याऐवजी पुढच्या पायांचा फटका म्हणावे, शत्रूला खाली पाडण्याची क्षमता तशीच ठेवावी, साथीदार शेजारी असताना मिळणारा अॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) ठेवावा. लांब उडी हवी असेल तर गंध ओळखण्याची तीक्ष्णता काढून ती द्यावी. एक काढले तर एक घालावे, नुकसानाचा फासा आणि हिट पॉइंट यांना हात लावू नये. उडी हळूहळू उड्डाण होत जाते, म्हणून तिचे अंतर फुटांत लिहून ठेवावे.

प्राण्याचा प्रकारही ‘पशू’ असाच ठेवावा. २०१४ च्या नियमांत आउलबेअर आणि ग्रिफिन पशू नसून मॉन्स्ट्रॉसिटी (विचित्र, अनैसर्गिक जीव) आहेत, त्यामुळे पशूंवर चालणारे मंत्र त्यांच्यावर चालत नाहीत. त्यांचे मूळ आकडे तिसऱ्या लेव्हलला देणे तर चूकच: दोघांचेही हिट पॉइंट ५९, म्हणजे धन्याच्या दुप्पट. आउलबेअरचे पिल्लू म्हणून लांडग्याचे किंवा महाकाय बिज्जूचे आकडे दिले तर दोन्ही अडचणी उरत नाहीत.

पाचव्या आवृत्तीच्या बीस्ट मास्टरसाठी २०२० मध्ये आलेल्या अधिकृत पर्यायी नियमाने हाच मार्ग धरला. त्यात भूचर, जलचर आणि खेचर असे तीनच साचे आहेत. आत कोणता प्राणी दिसतो ते खेळाडू ठरवतो. भूचराचे हिट पॉइंट ५ अधिक रेंजरच्या लेव्हलची ५ पट. जुन्या नियमात पाचव्या लेव्हलच्या लांडग्याकडे २० असत, नव्यात ३० असतात. त्याच लेव्हलला शत्रूंकडून येऊ लागणाऱ्या फायरबॉलचे (आगीच्या गोळ्याच्या मंत्राचे) सरासरी नुकसान २८ आहे. जुना लांडगा सेव्हिंग थ्रो हरला की पडतो, नवा सहसा तगतो. असामान्य प्राण्यासाठी घरचे आकडे बनवायचे असतील तर ही बेरीज नेहमी करून पाहावी.

खेळी कोणाची खर्च होते

दर फेरीत एका बाजूच्या खेळी वाढल्या की लढाई तिकडे झुकते. प्राणी फुकटात हल्ला करत असेल तर एका खेळाडूला दोन पात्रे मिळाली, आणि बाकीच्यांचा वाट पाहण्याचा वेळही वाढला. २०१४ च्या नियमात सुरुवातीच्या लेव्हलना प्राण्याला हल्ल्याची आज्ञा देण्यासाठी रेंजरची पूर्ण अॅक्शन (फेरीतली मुख्य खेळी) जाते, आणि खेळाडूंना हे फार महाग वाटे. २०२० च्या नियमात बोनस अॅक्शन (छोटी जादा खेळी) पुरते. ‘पाथफाइंडर’ या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) आपल्या तीनपैकी एक अॅक्शन खर्चून प्राण्याला दोन मिळतात. यांपैकी काहीही चालेल; फुकट मात्र देऊ नये.

शिकवणे

३.५ आवृत्तीतले शिकवण्याचे नियम आजही उपयोगी पडतात. १ इंटेलिजन्स (बुद्धी) असलेला प्राणी ३ कसब शिकतो, २ असलेला ६. प्रत्येक कसबाला एक आठवडा, आणि १५ किंवा २० ची चाचणी (फासा आणि कौशल्य मिळून तेवढा आकडा गाठणे). प्राणी नसलेल्या पण तेवढ्याच बुद्धीच्या जीवासाठी चाचणी ५ ने कठीण होते. हल्ल्याचे कसब एकदा शिकवले तर प्राणी माणसांसारख्या जीवांवर, राक्षसांवर आणि इतर प्राण्यांवरच धावून जातो. मृतजीवांवर सोडायचा असेल तर तेच कसब दुसऱ्यांदा शिकवावे लागते, आणि हे विसरल्याने ऐन थडग्यात प्राणी हलत नाही.

कोळी आणि किड्यांना त्या नियमांत बुद्धीच नसते, म्हणून ते काही शिकत नाहीत. पण मनावर चालणारे मंत्रही त्यांना लागत नाहीत. साथी म्हणून कोळी द्यायचा तर त्याला १ इंटेलिजन्स द्यावी आणि ते कवच काढून घ्यावे. ग्रिफिन बुद्धिमान असला तरी स्वारीसाठी आधी त्याचा स्नेह मिळवावा लागतो, मग ६ आठवडे आणि २५ ची चाचणी. अंड्याची किंमत ३,५०० सोन्याची नाणी, पिल्लाची ७,०००. हे आकडे समोर ठेवले की ग्रिफिन ही एका मोहिमेची कमाई होते, आणि खेळाडूला तशीच ती जास्त गोड लागते.

आधी ठरवायच्या गोष्टी

टेबलावरच्या कोणाला साप किंवा कोळ्याची खरीच भीती असेल तर तो प्राणी देऊ नये. यात नियमांचा प्रश्नच येत नाही. प्राण्याचा मृत्यू खेळात चालेल का, हे पहिल्या सत्राआधी विचारावे. अनेकांना पात्र मेल्यापेक्षा ते जड जाते, आणि त्यात कमीपणा काही नाही. चालणार नसेल तर शून्य हिट पॉइंटला प्राणी मरत नाही, जखमी होऊन पळतो आणि लांब विश्रांतीनंतर परततो, असे ठरवावे.

मृत्यू चालणार असेल तर दुसरा प्राणी कुठून येणार तेही तेव्हाच लिहून ठेवावे. ३.५ मध्ये ड्रुइड २४ तासांच्या अखंड प्रार्थनेने, २०१४ मध्ये रेंजर ८ तासांत नवा साथी जोडतो. पण लांडगा कोणत्याही रानात भेटतो, सहा पायांची पाल भेटत नाही. २०२० च्या नियमात मृत्यूनंतर तासाभराच्या आत मंत्राची एक जागा (ठराविक मंत्रांपैकी एक म्हणण्याची मुभा) खर्चून तोच प्राणी मिनिटभरात उठवता येतो. जगात एकुलता एक असलेल्या प्राण्यासाठी हीच सोय घ्यावी, कारण त्याची जागा दुसऱ्याने भरून निघत नाही.