कोड म्हणजे पण बोलणंच

ग्वाल्हेरला लश्कर भागात आमच्या आत्याकडे तिची गाण्याची जुनी वही आहे, भातखंडे पद्धतीच्या नोटेशनची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली. ज्याला गाणं येत नाही त्याला ते पान म्हणजे नुसत्या खुणा, आणि आत्या मात्र बघता बघता गुणगुणायला लागते. ती वही कोणी हातातून काढून घेतली तर आपण म्हणूच ना की बाईचं गाणं बंद केलं? मग प्रोग्रामच्या सोर्स कोडचं, म्हणजे माणसाने कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या सूचनांचं, वेगळं का असावं?

अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला. बर्कलेत पीएचडी करणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइनने स्नफल नावाचा प्रोग्राम लिहिला. हॅश फंक्शन म्हणजे कितीही मोठा मजकूर टाका, त्याचा ठरावीक लांबीचा ठसा निघतो आणि ठशावरून मजकूर परत मिळत नाही. हॅशवर एक्स्पोर्टची बंदी नव्हती, पण ह्याने दाखवलं की त्याच हॅशपासून मेसेज लपवायचं कुलूप बनवता येतं, आणि अशी कुलपं तेव्हा सरकारी शस्त्रांच्या यादीत होती! सरकार म्हणालं, प्रसिद्ध करायचं तर लायसन्स घ्या. 1995 मध्ये त्याने केस केली आणि 1996 मध्ये जज मॅरिलिन हॉल पटेल म्हणाल्या की कोड ही भाषाच आहे, आपोआप वाजणाऱ्या पियानोतला भोकांचा कागद थेट यंत्राला सांगतो म्हणून ते संगीत नाही असं थोडंच होतं. 1999 मध्ये अपील कोर्टातही 2-1 ने तो जिंकला, पण तो निकाल पुन्हा सुनावणीसाठी मागे घेतला गेला आणि 2000 मध्ये सरकारनेच नियम सैल केले. त्याच वर्षी पीटर जंगर ह्या कायद्याच्या प्रोफेसरच्या केसमध्ये आणखी एका अपील कोर्टाने कोडला संरक्षण आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि उदाहरण दिलं ते नोटेशनचंच, सगळ्यांना वाचता येत नाही पण संगीतकार त्यातून एकमेकांशी बोलतात.

तेव्हाचा नियम तरी बघा, पुस्तकात छापलेला असा कोड देशाबाहेर जाऊ शकायचा, तोच लायसन्सशिवाय फ्लॉपीवर गेला तर गुन्हा. म्हणून 1995 मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपी ह्या मेसेज लपवायच्या प्रोग्रामचा अख्खा कोड पुस्तक म्हणून छापला.

अर्थात कोड कामही करतो. 2001 मध्ये डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या कोडबद्दल कोर्ट म्हणालं की हे बोलणं आहे, पण ते काम करतं म्हणून बंदी चालेल. मला हे पटत नाही, रेसिपीनेही स्वयंपाक होतोच की.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीच्या व्याख्येत बसतो, म्हणजे कविता-कथांच्या पंगतीत. मग राज्यघटनेच्या कलम 19(1)(क) चं अभिव्यक्तीस्वातंत्र्य त्यालाही मिळायलाच हवं.