व्यंकटी

व्यंकटी : (स्त्री.) वाकडेपणा, लक्षणेने मनाचा कुटिलपणा, दुष्टबुद्धी. प्राचीन मराठीतला हा शब्द आज कानावर पडतो तो बहुधा पसायदानामुळेच : ‘जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो’. पसायदान ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येते. ग्रंथातल्याच ओवीप्रमाणे या गीताटीकेचा काळ शके १२१२ (इ. स. १२९०) होय.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘वक्र’मध्ये शोधणे सर्वांत सयुक्तिक वाटते. प्राकृतात ‘वक्र’चे ‘वंक’ होते. मुळात नसलेला अनुस्वार अशा काही शब्दांत शिरतो, हे प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने बाराव्या शतकात ‘वक्रादावन्तः’ या सूत्रात नोंदवले आहे. ‘अश्रू’चे ‘अंसु’ हे त्याच नियमाचे उदाहरण. वाकणे, वाकडा, दंडावरची वाकी हे शब्द याच कुळातले. ‘चोख’चे ‘चोखट’ व्हावे तसे ‘वंक’चे ‘वंकट’, आणि त्यावरून ‘थोरी’, ‘गोडी’ यांप्रमाणे ईकारान्त भाववाचक नाम, अशी पायरी असावी. अडचण आरंभीच्या ‘व्य’ची आहे. तेथे ‘व्यंकटेश’ या परिचित नावाच्या उच्चाराची छाप पडली असणे शक्य आहे. मात्र तेवढ्यावरून वेंकटाद्रीशी, म्हणजे तिरुपतीच्या डोंगराशी, अर्थाचे नाते जोडण्यास आधार दिसत नाही. त्या नावाची ‘पाप जाळणारा’ ही पारंपरिक फोडही येथे उपयोगी पडत नाही.

चरणाच्या अर्थासाठी व्याकरण नीट पाहावे. आरंभीचा ‘जे’ म्हणजे ‘की’. तो आधीच्या ओवीतल्या ‘पसायदान हें’ला जोडतो. ‘सांडो’ म्हणजे गळून पडो, आणि त्याचा कर्ता ‘व्यंकटी’ आहे. खळ, म्हणजे दुष्ट लोक, षष्ठीत राहतात, आणि लगेच येणारे ‘तयां’ त्यांच्याकडेच वळते : सत्कर्माची गोडी लागावी ती त्याच खळांना. या सर्वनामाकडे दुर्लक्ष झाले तर ओवीतले मागणे निम्मेच हाती लागते.

वाकडेपणासाठी संतसाहित्यात दुसराही जुना शब्द आहे. चोखामेळ्याच्या ‘ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा’ या अभंगात ‘डोंगा’ हा वरच्या, दिसणाऱ्या बाकाविषयी येतो. व्यंकटी आतली असते. बोलीत दोन्ही शब्द मागे पडले असून ‘वाकडी नजर’, ‘वाकडे पाऊल’, ‘वाकड्यात शिरणे’ यांनी त्यांची जागा घेतली आहे.