बॅगेतली न दिसणारी तलावपाळी

रविवारी सकाळी ठाण्यातल्या तलावपाळीला, म्हणजे तलावाच्या काठाने, फेरी मारायला निघालो की काकांचा पेंटॅक्स के-१००० गळ्यात असतो. १९७६ साली बाजारात आलेला हा कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला, आणि आमचा काटा कधीच बंद पडलाय. म्हणून मी जुना ठोकताळा वापरतो. लख्ख ऊन असेल तर लेन्सचं छिद्र १६ आकड्यावर ठेवायचं आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओच्या, म्हणजे रोल उजेडाला किती चटकन दाद देतो त्या आकड्याच्या, जवळपास. ४०० चा रोल असला तर सेकंदाचा पाचशेवा भाग. आभाळ भरून आलं की छिद्र ८ वर, म्हणजे चौपट उजेड आत. काट्याशिवायही बहुतेक फोटो नीट येतात.

तलावातल्या होड्यांवर नेम धरून मी खटका दाबतो, तेव्हा आत जे घडतं त्याचं मला अजून नवल वाटतं. रोल म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्यात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक. प्रकाशाचा कण स्फटिकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. तो स्फटिकातल्या एखाद्या खाचेत अडकतो, चांदीचा एक आयन त्याच्याकडे सरकतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. एकटा अणू टिकत नाही, पण एकाच जागी चारेक अणू जमले की काम झालं. फोटो निघाला, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. रोल धुताना डेव्हलपर नावाचं रसायन नेमके असे स्फटिक हेरतं आणि त्यातल्या अब्जावधी आयनांची चांदी करून टाकतं.

इलेक्ट्रॉनला अडकवणाऱ्या त्या खाचांची गोष्ट तर थेट स्वयंपाकघरात येते. जिलेटिन बनतं जनावरांच्या कातडी-हाडांपासून. काही जिलेटिनच्या फिल्म उजेडाला चटकन दाद देत, काहींच्या फार मंदपणे. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ मध्ये याचं कारण दाखवून दिलं: जिलेटिनमध्ये राहिलेली गंधकाची लेशमात्र संयुगं. गुरांनी मोहरीच्या कुळातला पाला खाल्ला की ती तिथवर पोचतात. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तोही गंधकाच्या अशाच संयुगाचा. हे गंधक स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे ठिपके उमटवतं आणि इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात.

चार अणूंचा हा ऐवज नाजूक असतो. मागच्या मे महिन्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी उन्हात लावली आणि एक रोल डॅशबोर्डवर राहिला. उष्णतेनेही स्फटिक फसतात, उजेड न पडताच डेव्हलपरला दाद देतात. त्या रोलमधली सगळी झाडं धुरकट आली, आणि वाईट वाटलं, कारण ती पानगळ पुन्हा मिळणार नव्हती. आता रोल पाण्याच्या बाटलीशेजारी कापडात गुंडाळून नेतो. पावसाळ्यात खरी धास्ती लेन्सची. ठाण्याच्या दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो.

कृष्णधवल रोल मी घरीच धुतो. डेव्हलपर साधारण २० अंशांवर लागतो आणि आमच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात त्याहून बरंच गरम, त्यामुळे बादलीत बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवायच्या. मग डेव्हलपर, उरलेले स्फटिक काढून टाकणारा फिक्सर, भरपूर पाणी. शेवटी न्हाणीघरातल्या दोरीवर चिमट्याने पट्टी लटकवली की खाली थेंब पडत राहतात. दिव्यासमोर धरून बघतो: तलावावरचं आकाश काळंभोर, काठावरची झाडं जवळजवळ पारदर्शक. उजेड जिथे जास्त पडला, चांदी तिथेच साठली आहे.