एका इंचाचा हिशेब: इलेक्ट्रिक गाडी आणि मोठे टायर

माझा भाचा बावधनला राहतो. त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या गेटमधल्या स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट घासलं. पेट्रोलच्या गाडीत असा आवाज आला की माणूस हळहळतो आणि पुढे जातो. इथे पोटाखाली बॅटरी असते, अख्ख्या गाडीतली सगळ्यात महागडी वस्तू. तिच्याखाली मजबूत संरक्षक कवच असतं, एकदा घासल्याने सहसा काही बिघडत नाही. पण घरची पाच माणसं बसवून परत येताना दर वेळी जीव मुठीत धरायचा म्हणजे त्रासच. दीड वर्ष त्याने कळ काढली. मग टायर बदलायची वेळ आली तेव्हा दुकानात सांगितलं गेलं, सोळाऐवजी सतराची रिम टाका, गाडी एक इंच वर येईल. त्याने टाकली.

महिन्याभराने त्याचा फोन आला. "मामा, अ‍ॅव्हरेज पडलं. युनिटला साडेसात किलोमीटर मिळायचे, आता ६.८ वर आलंय. आणि बंपला अजूनही घासतेच."

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. रविवारी टेप, खडू आणि घरातला वजनकाटा घेऊन आम्ही दोघं पार्किंगमध्ये बसलो.

आधी टायरवरचे आकडे. मूळ टायरचं माप होतं २१५/६० आर १६. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साईडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या बांधणीचा प्रकार, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच एकत्र नांदतात, पण एकदा उलगडलं की हिशेब सोपा आहे. रिमचे ४०६ मिलिमीटर, वरची आणि खालची साईडवॉल मिळून २५८, एकूण व्यास ६६४. भाच्याने घेतलेलं टायर २१५/६० आर १७, म्हणजे व्यास ६९०. एक इंच वाढला, दुकानदाराचा आकडा टायरपुरता खरा होता. पण गाडी चाकाच्या मध्यावर टेकलेली असते. व्यास एक इंच वाढला की मध्य अर्धाच इंच वर जातो. गाडी उचलली गेली ती जेमतेम १३ मिलिमीटर. बंपला घासणं का थांबलं नाही, त्याचं पहिलं उत्तर इथे मिळालं. दुसऱ्या उत्तराकडे शेवटी येतो.

मग खडू. टायरवर जिथे ते जमिनीला टेकतं तिथे एक रेघ मारली, तशीच फरशीवर एक. गाडी हळूच सरळ पुढे ढकलली, चाकाचा एक फेरा पूर्ण होऊन रेघ परत जमिनीला टेकली तिथे दुसरी खूण केली. अंतर भरलं जेमतेम २ मीटर ११ सेंटीमीटर. शेजारच्या बिल्डिंगमध्ये याच मॉडेलची नवीकोरी गाडी मूळ टायरवर उभी होती, तिचं भरलं २ मीटर ३ सेंटीमीटर. (व्यासाला पायने गुणलं तर उत्तर याहून थोडं जास्त येतं. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतं, त्यामुळे चालतं टायर कागदावरच्या वर्तुळापेक्षा थोडं आखूड असतं. शाळेतलं सूत्र आणि पार्किंगची फरशी यांच्यातला हा फरक मुलांना जरूर दाखवावा.)

तर एका फेऱ्यात गाडी आता सुमारे ३.८ टक्के जास्त अंतर कापते. पण गाडीच्या संगणकाला हे कोण सांगणार? तो फक्त फेरे मोजतो आणि प्रत्येक फेऱ्याला जुन्याच लांबीने गुणतो. म्हणून स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो: काट्यावर १०० असताना गाडी १०४ च्या आसपास पळत असते. बहुतेक गाड्यांचे स्पीडोमीटर मुळात किंचित जास्त दाखवतात, त्यामुळे थोडी सूट मिळते. तरी एक्सप्रेसवेवरच्या कॅमेऱ्यासमोर त्या सुटीच्या भरवशावर राहू नये. आणि किलोमीटरही कमी मोजले जातात. पुणे ते कोल्हापूर जिथे आधी २३० किलोमीटर पडायचे, तिथे आता २२१-२२२ पडतात. कोल्हापूर जवळ आलेलं नाही.

अ‍ॅव्हरेजचं अर्धं कोडं इथेच सुटतं. गाडी दाखवते ते ६.८ किलोमीटर प्रत्यक्षात ७.०६ आहेत. म्हणजे साडेसातवरून घसरण नऊ टक्क्यांची दिसते, पण खरी सहा टक्क्यांची आहे. मोठे टायर लावलेली माणसं रेंज गेली म्हणून हळहळतात, तेव्हा त्यातला एक भाग बॅटरीतून गेलेलाच नसतो, तो मोजणीत हरवलेला असतो. आधी हे वजा करावं, मग उरलेल्याचा शोध घ्यावा.

उरलेले सहा टक्के मात्र खरेच गेले. कुठे गेले?

टायर फिरताना त्याचा जो भाग जमिनीला येतो तो दबतो, पुढे गेला की परत फुलतो. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी फुलताना परत देत नाही, काही स्वतःकडे ठेवतं आणि तापतं. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा, ती ऊब बॅटरीतून आलेली आहे. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. माणसांसकट गाडीचं वजन १६०० किलो धरा. चांगल्या, ऊर्जा वाचवणाऱ्या टायरवर दर हजार किलोला सुमारे ८ किलोचा जोर लागतो, म्हणजे या गाडीला सपाटीवर सावकाश चालती ठेवायला १२.८ किलोचा. टायर दर हजारी १० किलोचं असेल तर १६ किलोचा. ऊर्जेच्या भाषेत पहिल्याला किलोमीटरमागे ३५ वॉट-तास, दुसऱ्याला ४४ (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). फरक नऊचा. भाच्याची गाडी आधी किलोमीटरला १३३ वॉट-तास खायची, आता सुमारे १४२ खाते. हिशेब जुळला. त्याने घेतलेली टायर खोल नक्षीची, कच्च्या रस्त्याला चालतील अशी होती. नक्षीचे ठोकळे जितके उंच तितकं दबणारं रबर जास्त. शिवाय नवीन टायर झिजलेल्यापेक्षा थोडी जास्तच ऊर्जा खातं, तेव्हा मूळ मापाची नवी टायर घातली असती तरी थोडं अ‍ॅव्हरेज पडलंच असतं.

एक गोष्ट मला इथे आवर्जून सांगायची आहे, कारण ती उलटी समजली जाते. नुसता व्यास वाढल्याने रोलिंग रेझिस्टन्स वाढत नाही, उलट बाकी सगळं तेच असेल तर मोठं चाक किंचित कमी घेतं. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असायचं? चाक मोठं तर खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. लाकडी चाक, वर लोखंडी धाव, दबायला रबर नाही, तरी नियम तोच. मोठ्या टायरसोबत जे बाकीचं येतं, म्हणजे जास्त रुंदी, जाड नक्षी, वेगळ्या मिश्रणाचं रबर, ते रेंज खातं. कार्बनच्या काजळीऐवजी सिलिका वापरलेलं रबर कमी ऊर्जा खातं आणि ओल्या रस्त्यावर पकडही ठेवतं, हे १९९२ साली मिशलिनने बाजारात दाखवून दिलं. म्हणून माप तेच असूनही दोन टायरांत जो फरक पडतो, तो एका इंचाच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

विजेची गाडी आणि टायर यांचं नातं तसं जुनं आहे. रस्त्यावर माणसाने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्या गाडीत, २९ एप्रिल १८९९ रोजी, फ्रान्समध्ये. बेल्जियमचा कामिय येनात्झी चालवत होता, वेग होता १०५.८८ आणि चाकांना हवा भरलेली मिशलिनची टायर होती. तेव्हा ईर्षा वेगाची होती. आज एका चार्जिंगमध्ये किती लांब जाता येतं याची आहे, आणि त्यात टायरचा वाटा फार मोठा आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊनच वाया जाते, तिथे टायरने खाल्लेले चार घास कुणाच्या ध्यानात येत नाहीत. विजेच्या मोटरमध्ये वाया जाणारं इतकं थोडं असतं की प्रत्येक घास मोजला जातो.

पुण्यातल्या रोजच्या गाडी चालवण्यात तर जास्तच. ताशी ४० च्या वेगाला अशी गाडी हवा कापायला किलोमीटरमागे १५ वॉट-तासांच्या आसपास खर्च करते, टायर ३५. कर्वे रोडवर तुमचा खरा विरोधक टायर आहे. ताशी ८० ला हवेचा खर्च साठच्या वर जातो, तिथे पारडं फिरतं. पण हवेच्या विरोधातही चाकांचा आणि चाकांच्या कमानींचा वाटा मोठा असतो. म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांच्या रिम सपाट, झाकल्यासारख्या दिसतात. त्या काढून जाळीदार अलॉय लावले की गाडी देखणी दिसते आणि एक्सप्रेसवेवर त्याचे पैसे मोजावे लागतात. कंपनी रेंजचा जो आकडा सांगते, तो एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर ठराविक पद्धतीने चालवून काढलेला असतो, कंपनीच्याच टायरवर. पुणेकर ज्या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणून सकाळी फिरायला जातात, तिथली ही १९६६ ची संस्था. टायर बदललं की त्या आकड्याशी आपला संबंध सैल होतो.

घाटाचं गणित वेगळं आहे. खोपोलीहून लोणावळ्याला यायला साधारण साडेपाचशे मीटर चढावं लागतं. १६०० किलो तेवढे वर न्यायला २.४ युनिटं लागतात, टायर कुठलंही असो. पण मोठ्या चाकाला तोच जोर रस्त्यावर लावायला मोटरला ३.८ टक्के जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, द्यावा लागतो. पेट्रोलच्या गाडीत आपण एक गिअर खाली टाकतो. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर असतो, खाली टाकायला काही नसतंच. पीळ वाढवायला करंट वाढतो, आणि तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे जवळपास आठ टक्क्यांनी. एका इंचाने मोटरचं काही बिघडणार नाही. पण दोन-अडीच इंच वाढवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांनी मे महिन्यातला खंबाटकी घाट डोळ्यांसमोर आणावा.

वजनाबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं ते महत्त्वाचं नाही. काट्यावर जुनं चाक रिमसकट १९ किलो, नवं २२. चार चाकांचे १२ किलो, आणि फिरणारं वजन वेग घेताना दुप्पट धरलं तरी २४. इलेक्ट्रिक गाडी ब्रेक लावताना त्यातलं बरंच परत मिळवते. जाणवतं ते दुसरीकडे: जड चाक खड्ड्यात आदळतं तेव्हा सस्पेन्शनला ते आवरणं अवघड जातं, आणि पाठ बोलते.

याहून मला खरी काळजी वाटते ती साईडवॉलची. बरेच जण व्यास तोच ठेवून फक्त रिम मोठी करतात, कारण दिसायला छान दिसते आणि मीटरही बरोबर राहतो. २२५/४५ आर १८ घ्या: व्यास जवळपास मूळएवढाच, पण साईडवॉल १२९ वरून १०१ मिलिमीटरवर. खड्ड्याचा धक्का पचवणारं पावणेतीन सेंटीमीटर रबर आपण स्वतः काढून टाकलं. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या, न दिसणाऱ्या खड्ड्यात अशी जड गाडी गेली की टायर रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटतं, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला असतो. तो दुरुस्त होत नाही, टायर फेकावंच लागतं. पुण्यात जाड साईडवॉल हीच श्रीमंती. आणि टायरवर मापापुढे छापलेला लोड इंडेक्स बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो. बॅटरीमुळे गाडी जड आहे, तो आकडा मूळपेक्षा एकानेही खाली नको. कंपनीने दिलेल्या मापांच्या बाहेर गेलं तर विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतो, तेही विचारून घ्यावं.

आता बंप. टेप हातात होतीच, म्हणून गेटपाशी गेलो. उंची १५ सेंटीमीटर, रुंदी ४५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. ही रुंदी उगाच नाही. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असतं. बंप अरुंद असेल तर पुढची चाकं उतरून जातात, मागची चढलेली नसतात, आणि पोट बरोबर शेंड्यावर येतं; सगळे १५ सेंटीमीटर पोटाच्या वाट्याला. रुंद बंपवर चारही चाकं एकदमच चढलेली असतात. वर्तुळाच्या कमानीचा हिशेब केला तर पोटाकडे फक्त साडेचार सेंटीमीटरच्या आसपास उंचवटा येतो. म्हणजे मोठ्या टायरने मिळाले १.३ सेंटीमीटर, आणि बंप नीट बांधला तर मिळतात दहा.

भाच्याने हे सगळं एका कागदावर काढलं, बाजूने गाडीची आकृती, खाली कमान, आणि सोसायटीच्या कमिटीला दिलं. सोसायटीत आता सात इलेक्ट्रिक गाड्या आहेत, त्यामुळे सह्यांना वेळ लागला नाही. बंप तोडायचं काम पावसाळा संपल्यावर निघणार आहे. जुन्या सोळाच्या रिम त्याने विकल्या नव्हत्या; त्यांना कमी रोलिंग रेझिस्टन्सची, मूळ मापाची टायर लावून तो गाडी परत मूळ उंचीवर आणणार आहे. खडू मी त्याच्याकडेच ठेवला आहे.